निघताना पहिले तुम्हीच

आमच्या घरात त्या रविवारच्या आता दोन आवृत्त्या आहेत. पहिली भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची: "थोडी गर्दी झाली, वहिनी घाबरल्या, गाडी काढायला जरा वेळ लागला." ही आवृत्ती बारशाला सांगून झाली, मुंजीत सांगून झाली, सोसायटीच्या कट्ट्यावरही पोचली. दुसरी माझी. ती कुणी विचारलीच नाही, म्हणून लिहिते आहे. वाचून कुणाचा एखादा रविवार वाचला तर बरंच आहे, पण खरं सांगायचं तर आधी माझं मन मोकळं व्हायला हवं आहे.

सामना कोणता होता ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक पुढचं ऐकायचं सोडून स्कोअर विचारतात. गहुंज्याचं स्टेडियम, दुपारी दीडला सुरू होणारा दिवस-रात्रीचा सामना, आणि आम्ही पाच जण: आप्पा म्हणजे माझे सासरे, भाऊजी, जाऊबाई, सातवीतली पुतणी आणि मी. आमचे हे घरीच राहिले. त्यांना रिप्लेशिवाय क्रिकेट कळत नाही.

आप्पांना स्टेडियममध्ये जाऊन सामना बघायचा होता, हे सगळ्याचं मूळ. त्यांच्या पिढीचं पुणं नेहरू स्टेडियमचं. २९ फेब्रुवारी १९९६ ला विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं, तेव्हा आप्पा तिथे होते, आणि सामना संपल्यावर सारसबागेवरून चालत सदाशिव पेठेत घरी आले. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की पुतणीलाही पाठ आहे. त्यातलं केनियाचं कौतुक मी सोडून देते. मला त्यातलं 'चालत घरी आले' हेच महत्त्वाचं वाटतं. शहराच्या मध्यावरचं मैदान सुटलं की माणसं दहा दिशांना पांगतात. कुणी स्वारगेटला, कुणी टिळक रस्त्याला, कुणी पर्वतीकडे. गहुंज्याला पांगायला दिशाच नाहीत. शहरापासून पंचवीसएक किलोमीटरवर, द्रुतगती मार्गाच्या कडेला, शेतांच्या मधोमध सदतीस हजार माणसांचं स्टेडियम. ते २०१२ मध्ये सुरू झालं. दिसायला देखणं आहे, ब्रिटिश वास्तुविशारद मायकल हॉपकिन्स यांच्या संस्थेने आराखडा केला. पण बाहेर पडलं की मामुर्डीचा अंडरपास, किवळ्याचा चौक आणि बाह्यवळण महामार्ग. जवळपास सगळ्या पुण्याला आणि पिंपरी-चिंचवडला त्याच नळीतून निघायचं असतं. मेट्रो पिंपरीपर्यंतच. लोणावळा लोकलची देहूरोड आणि बेगडेवाडी स्थानकं नकाशावर जवळ दिसतात, पण रात्री म्हाताऱ्या माणसाला घेऊन तिथवर चालत जाण्यासारखं अंतर नाही.

मी शाळेत शिकवते. सहली नेण्यात आयुष्य गेलं आहे. त्यामुळे मी आदल्या आठवड्यातच म्हटलं होतं, मोठ्या सामन्यांना पीएमपीच्या जादा बसेस सोडतात, मनपावरून, कात्रजहून, निगडीहून. आपण बसने जाऊ. भाऊजी हसले. "वहिनी, आप्पांना काय बसमध्ये लोंबकळत नेणार का?" मग त्यांनी त्यांचा नेहमीचा पुरावा काढला. १५ जानेवारी २०१७ चा रविवार. इंग्लंडविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग, कोहलीच्या १२२ आणि आपल्या केदार जाधवच्या ७६ चेंडूंत १२०. भाऊजी तेव्हा गाडीने गेले होते, गाडीने आले होते. "तेव्हा काही झालं का?"

हे वाक्य लक्षात ठेवा. तुमच्या घरातही ते म्हणणारं कुणीतरी आहे.

त्यांचा दुसरा सिद्धांत असा की रविवारी हिंजवडी बंद, म्हणजे वाकडचा रस्ता मोकळा. सिद्धांत अर्धा खरा आहे. जाताना खरंच फार अडकलो नाही. चांदणी चौकातून निघून बालेवाडी, वाकड, ताथवडे बऱ्यापैकी पार झालं, पुनावळ्याला थोडं रेंगाळलो. पण रविवारची रात्र वेगळी असते. दोन दिवस लोणावळा-खंडाळ्याला गेलेलं पुणं रविवारी रात्री परत येत असतं, आणि द्रुतगती मार्ग संपतो तो किवळ्यालाच. दीडचा सामना साडेनऊच्या आसपास संपतो. म्हणजे स्टेडियममधून सुटलेले आणि लोणावळ्याहून परतणारे बरोबर एकाच वेळी एकाच ठिकाणी भेटतात. सामना शनिवार-रविवारी ठेवला की प्रेक्षकांची सोय होते, असं सगळे म्हणतात. येण्याची सोय होते.

पार्किंगचं बघा. अधिकृत पार्किंग लांब होतं आणि तिकडे रांग होती. रस्त्याच्या कडेला एक पोरगा लाल फडकं हलवत उभा. "साहेब, हितं लावा. श्टेडियमच्या लागून हाय. निघताना पहिले तुम्हीच." भाऊजींचा चेहरा असा खुलला, जणू त्यांना पॅव्हेलियनचा पासच मिळाला. पाचशे रुपये. शेतात तारेचं कुंपण, आत गाड्यांच्या रांगा, एक माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून नोटा मोजतोय. तो ठेकेदार. त्याने एक पांढरी चिठ्ठी दिली, त्यावर बॉलपेनने आमच्या गाडीचा नंबर. त्याचं नाव नाही, फोन नाही, काही नाही. आणि म्हणाला, "चावी ठेवा, गाड्या पुढंमागं कराव्या लागत्यात."

मी म्हटलं, भाऊजी, चावी देऊ नका.

"वहिनी, त्यांचा रोजचा धंदा आहे."

रोजचा कसा असेल? गहुंज्याला वर्षाकाठी मोठे सामने होतात किती? पण दिराशी चारचौघांत वाद घालायचा नाही ही आमच्या घरची रीत, आणि ती पाळल्याचा मला अजून राग आहे.

आत शिरताना मी सवयीने बघून घेतलं. शेताला दोन तोंडं होती. एक आम्ही आलो ती अरुंद वाट, सात-आठ फूट रुंद, एका बाजूला काटेरी तार आणि दुसऱ्या बाजूला लावलेल्या गाड्या. दुसरं पलीकडच्या बांधाला, चांगलं रुंद, मातीचा उतार केलेलं. मी पुतणीला दाखवलंही की येताना आपण तिकडून निघायचं.

सामन्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. आपण जिंकलो. आप्पा खूश होते. आमच्या स्टँडवर छप्पर नव्हतं, दुपारभर ऊन खाल्लं. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आत मिळेल तेव्हा प्यावं लागतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पाणी मिळालं नव्हतं आणि असोसिएशनला माफी मागावी लागली होती, ते मला आठवत होतं. म्हणून मी पहिल्या तासातच सगळ्यांना पाजून घेतलं. आमच्या दिवशी पाणी होतं, हे न्यायाने सांगायला हवं.

शेवटची दोन षटकं राहिली तेव्हा मी म्हटलं, एक तर आत्ता उठू, नाही तर बक्षीस समारंभ संपून स्टँड रिकामा होईपर्यंत बसू. मधल्या वेळेत नको. भाऊजींनी बरोबर मधली वेळ निवडली. शेवटचा चौकार गेला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि त्या उभ्या राहिलेल्या लोंढ्यात आम्ही निघालो. स्टेडियमच्या पायऱ्या आणि फाटक व्यवस्थित पार पडलं. रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले, "मी पुढे होऊन गाडी काढून ठेवतो, तुम्ही सावकाश या." आणि ते गेले.

म्हणजे पुढे जे झालं त्या वेळी भाऊजी तिथे नव्हतेच. 'थोडी गर्दी झाली' हे सांगणारा माणूस गर्दीत नव्हता. हे एकदा स्पष्ट झालेलं बरं.

आम्ही चौघं त्या अरुंद वाटेच्या तोंडाशी आलो. मी पलीकडच्या बांधाकडे बघितलं. तिथे उतारावर गाड्या लावलेल्या होत्या. दिवसभरात ठेकेदाराने बाहेर पडायचं दुसरं तोंड विकून टाकलं होतं. वीस-पंचवीस गाड्यांचे जास्तीचे पैसे. आता शेकडो माणसं त्या एकाच वाटेने आपापल्या गाड्यांकडे आत जात होती आणि आतल्या पहिल्या गाड्या त्याच वाटेने दिवे लावून, हॉर्न वाजवत बाहेर यायला बघत होत्या. एक मोठी गाडी वाटेच्या मध्यावर येऊन थांबली. तिला पुढे जागा नाही, मागे जागा नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं.

मला कळलं ते पायावरून. मी उजवा पाय उचलला आणि तो खाली ठेवायला जागाच उरली नव्हती. एका पायावर उभी होते आणि तरी पडत नव्हते. पर्स खांद्याला होती, पण तिचा पट्टा ताणून ती माझ्यापासून दोन माणसं पलीकडे गेली होती. आप्पा माझ्या डावीकडे, त्यांची बाही तारेला टेकलेली. पुतणीचं डोकं माझ्या कोपराच्या उंचीला. तिच्या तोंडासमोर कुणाची तरी पाठ. आणि ती सारी गर्दी झोपाळ्यासारखी हलायला लागली. आपण न चालता सगळ्यांबरोबर हातभर पुढे जायचं, हातभर मागे यायचं. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण माझं माहेर वाईचं आहे. २५ जानेवारी २००५, मांढरदेवीची यात्रा. काळूबाईच्या डोंगरावरच्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि अरुंद वाट. तीनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या आळीतला एक जण त्यातून परत आला होता. तो सांगायचा, पडलेल्यांबरोबर उभ्या माणसांनाही श्वास लागला होता. छातीला फुगायला जागा मिळाली नाही की उभ्या उभ्या गुदमरतात.

आणि ढकलत कुणीच नव्हतं. हे मला नीट सांगायचं आहे, कारण नंतर जो तो म्हणतो की पब्लिक बेशिस्त. मागचा माणूस अर्धं पाऊल टाकतो, त्याला वाटतं वाट पुढे सरकली. त्याच्या मागचा अर्धं पाऊल टाकतो. अशी शंभर अर्धी पावलं पुढच्याच्या बरगड्यांवर येतात. पुढचा ओरडतो ते मागच्याला ऐकू जात नाही. तिथे तर मागून 'इंडिया, इंडिया' चाललं होतं. बंगळूरला ४ जून २०२५ ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अकरा जण गेले, तेही जिंकल्याच्या आनंदात जमलेले लोक होते.

मी जाऊबाईंना म्हटलं, हात वर घ्या, छातीसमोर, मुठी हनुवटीजवळ. असे हात धरले की आपल्या आणि पुढच्याच्या मध्ये वीतभर जागा राहते, श्वासापुरती. पुतणीला माझ्या पुढ्यात घेतलं. आप्पांना ओरडून सांगितलं, तार सोडा, माझ्याकडे या, पण सरळ नको, लाट मागे येईल तेव्हा तिरके. गर्दीच्या विरुद्ध जोर लावला की तो जोर कुणाच्या तरी छातीवर जातो. लाट ओसरते त्या क्षणी एक पाऊल तिरकं घ्यायचं, पुन्हा थांबायचं. गाड्यांच्या रांगेत एक छोटा हत्ती उभा होता, मागचा हौदा रिकामा. तिथवर पोचलो. दोन पोरांनी पुतणीला वर ओढलं, मग आप्पांना. आप्पांचा चष्मा गेला. दुसऱ्या दिवशी बरगडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता.

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस गाड्यांवरून उड्या मारत आला. मला वाटलं मदतीला. तो म्हणाला, "ओ मावशी, खाली उतरा, पत्रा बसंल."

माझं डोकं तिथे फिरलं. मी त्या हौद्यात उभी राहून शाळेच्या मैदानावरचा आवाज लावला, पण त्याच्यासाठी नाही. उंच पोरांना सांगितलं, तोंड मागे करा आणि सगळे मिळून एकच ओरडा: मागे थांबा. पुढच्यांना ओरडून उपयोग नसतो, ते बिचारे आधीच अडकलेले. चार-पाच पोरं ओरडली, मोबाइलचे दिवे आडवे हलवले, मग बाहेर रस्त्यावर कुणाला तरी कळलं आणि वाटेच्या तोंडाशी लोकांनी हात धरून आडवी साखळी केली. हळूहळू पायांना जमीन मिळाली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. जाऊबाई म्हणतात पाच मिनिटं, आप्पा म्हणतात अर्धा तास. पोलीस आले ते नंतर. त्यांना दोष देत नाही. ते चौकात होते, आणि खाजगी शेतातली वाट कुणाच्या नकाशावर असणार?

ठेकेदार अजून खुर्चीतच होता. मी त्याला विचारलं, दुसरं तोंड का बंद केलंत? तो नोटांना रबर लावत म्हणाला, "मेलं का कुणी?" मी म्हटलं, आमच्या सासऱ्यांना लागलंय. तर म्हणे, "ताई, पाचशे रुपयांत काय गेटावर हार घालू का? पार्किंग सोताच्या जबाबदारीवर हाय, पाटी वाचली न्हाय का?" पाटी होती. त्याच्या खुर्चीच्या मागे, भिंतीला टेकवून, उलटी.

आणि आमचे 'पहिले तुम्हीच'? आमची गाडी पाचव्या रांगेत, पुढे चार गाड्या, त्यांच्या चाव्या कुणाकडे तर फडकंवाल्या पोराकडे, आणि पोरगा जेवायला गेलेला. भाऊजी गाडीपाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "किती उशीर केलात तुम्ही!"

गाडी हलली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्यांच्या आवृत्तीत याला 'जरा वेळ' म्हणतात.

आता कामाचं. अनुभवातून आलेलं आधी सांगते, पुस्तकी नंतर.

निघायची वाट आधी ठरवा, मग गाडी लावायची जागा. स्टेडियमच्या लागून असलेलं पार्किंग हे सगळ्यात वाईट पार्किंग, कारण ते सगळ्यात शेवटी रिकामं होतं. पुण्याकडे परतायचं असेल तर गाडी पुण्याच्या बाजूला, शक्य तेवढी अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून लावा आणि उरलेलं अंतर चाला. पंचवीस मिनिटं चालणं हे दोन तास गाडीत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. गाडीचं नाक बाहेरच्या दिशेला. चावी कुणालाही द्यायची नाही. 'चावी ठेवा' म्हणतोय याचा अर्थच हा की तो तुमच्या पुढे गाडी लावणार आहे. आत शिरण्यापूर्वी बाहेर पडायला किती तोंडं आहेत ते मोजा. एकच असेल तर पाचशे रुपये वाचवा. दोन असतील तर दुसऱ्याचा फोटो काढा आणि ठेकेदाराला दिसेल असा काढा. मी हे नंतर एकदा दुसरीकडे करून बघितलं, फार गुण येतो.

बस मिळत असेल तर बस. बसला भाऊजी हसतात, पण महामार्गावर कोंडी झाली तरी बसमध्ये तुम्हाला गाडी शोधायची नसते. परतीची बस कुठून सुटते ते उतरतानाच कंडक्टरला विचारा. उतरतो तिथूनच ती निघेल असं नाही.

सामना संपल्यावर बसून राहा. खरंच, नुसतं बसा. खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी चेंगरत नाही. स्टेडियम भरायला चार तास लागतात आणि रिकामं व्हायला सगळ्यांना अर्ध्या तासात हवं असतं, हा सगळा घोळ आहे. एक तर तीन-चार षटकं आधी निघा आणि शेवट रेडिओवर ऐका, नाही तर समारंभ, फटाके, झाडूवाले येईपर्यंत थांबा. घरातलं उतावीळ माणूस 'मी पुढे होतो' म्हणालं तर जाऊ द्या, पण चार माणसांनी त्याच्यामागे धावू नका.

चौरस मीटरमागे चार माणसं झाली की गर्दी अवघडते, पाच-सहाच्या पुढे ती आपल्या हातात राहत नाही. हे आकडे गर्दीच्या अभ्यासात नेहमी येतात. तिथे उभं राहून मोजायला कुणाला जमणार? माझी खूण सोपी आहे. दोन्ही बाजूंच्या अनोळखी माणसांचे खांदे एकाच वेळी आपल्याला लागले की तिरकं होऊन कडेला निघायचं, त्याच्या पुढे थांबायचं नाही. कडेला म्हणजे तारेच्या किंवा भिंतीच्या कडेला नव्हे. जिथे वर चढता येईल किंवा पलीकडे जाता येईल अशी कड. खाली पडलेला मोबाइल, चप्पल, चष्मा काहीही उचलायला वाकू नका. मुलाला खांद्यावर नव्हे, पुढ्यात घ्या. खांद्यावर घेतलं की तुमचा तोल जातो आणि हातही अडकतात.

महामार्गावर चालायची वेळ आली तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला. आणि एक गोष्ट माझ्या कुठल्याही वाचनात आली नव्हती, ती त्या रात्री डोळ्यांनी पाहिली. सगळ्यांच्या अंगात गडद निळ्या जर्सी! दिवे नसलेल्या सेवा रस्त्यावर निळ्या कपड्यांतली माणसं दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीत. एक पांढरा रुमाल किंवा ओढणी पाठीवर टाका. दुभाजकावरून उड्या मारणारी तरुण मुलं तर मी मोजायचीच सोडली. त्यांना सांगण्यात अर्थ नाही, त्यांच्या आयांना सांगा.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच असेल. फोन लागत नाहीत, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. पॉवर बँक बहुतेक आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सामन्याचे व्हिडिओ काढून बॅटरी संपवू नका. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटचं काय करायचं ते घरूनच ठरवून निघावं. लहान मुलांच्या खिशात नंबर, म्हाताऱ्यांच्या खिशात त्यांची गोळी. अडचणीत ११२. पाणी प्या, घाबरू नका वगैरे. घाबरू नका हे लिहिणाऱ्याला मी एकदा त्या वाटेत उभं करीन.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. आत येण्या-जाण्याचे मार्ग, गर्दीची घनता, अडचणीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटा, सगळं आहे तीत. पण ज्याच्या हातात कुंपणाचं तोंड असतं, त्याच्या हातात पुस्तिका कधी पोचते? सामन्यापुरतं शेत भाड्याने घेणाऱ्याला कुणीतरी साधं सांगावं की दोन वाटा मोकळ्या ठेव आणि तुझं नाव चिठ्ठीवर छाप. मी तक्रार करायला गेले तेव्हा मला विचारलं, ठेकेदाराचं नाव काय? ते माहीत नाही. पावती? ही चिठ्ठी. यावर तर फक्त तुमच्याच गाडीचा नंबर आहे. बरोबर आहे त्यांचं. म्हणून सांगते, पैसे देण्यापूर्वी पैसे घेणाऱ्याचा, पाटीचा आणि वाटेचा फोटो. नाव सांगत नसेल तर पैसे ऑनलाइन द्या, नाव आपोआप येतं. ही युक्ती मला तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराने सांगितली.

आप्पांना पुन्हा जायचं आहे. नवा चष्मा केला, बरगडी बरी झाली, आणि 'केनिया' पुन्हा सुरू झालं. मी हो म्हटलं आहे, माझ्या अटींवर: मनपाहून बस, जिन्याच्या कडेच्या खुर्च्या, समारंभ संपेपर्यंत बसायचं, आणि पुतणीच्या दप्तरात माझी पांढरी ओढणी. भाऊजी परवा म्हणाले, "वहिनी, या वेळी मी ओळखीचं पार्किंग बघतो." मी चारच तिकिटं काढली आहेत. पाचवं त्यांनी स्वतःचं काढावं, आणि गाडीनेच यावं.